कौलांखालचा वर्ग

पिंपरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी शाळेसाठी पैसे मोजायला सुरुवात केली, ती इथे एमआयडीसी येण्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी. १८६३ च्या सुमारास मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घेतला जाऊ लागला. हा लोकल फंड. त्यातला मोठा वाटा रस्ते, विहिरी, धर्मशाळा यांच्याकडे जाई आणि तिसरा हिस्सा शिक्षणाकडे. १८६९ च्या कायद्यानं ही पट्टी पक्की झाली. हवेली, खेड, मावळ या तालुक्यांतल्या गावठाणांत ज्या दगडी, कौलारू शाळा अजून तग धरून आहेत, त्यांतल्या बऱ्याच शाळांची मुळं या पैशात आहेत. तो भरला होता बाजरी आणि कांदा पिकवणाऱ्या, बहुतेक स्वतः निरक्षर असलेल्या माणसांनी. त्यामुळे या इमारतींना सरसकट ‘इंग्रजांच्या काळातल्या शाळा’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. त्या गावांच्या आहेत.

त्याआधी शाळा भरे ती देवळाच्या ओसरीत, चावडीवर किंवा एखाद्या वाड्याच्या माडीवर. पुण्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली ती दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात. जागा उसनी आणि उजेड जेमतेम. लोकल फंडाच्या पैशातून पहिल्यांदाच खेडोपाडी शाळेसाठी म्हणून इमारती उभ्या राहू लागल्या, आणि त्या बांधणाऱ्यांनी मुलं कुठे बसतील, उजेड कुठून येईल, पाऊस कुठे जाईल याचा नीट विचार केलेला दिसतो.

रचना बहुतेक ठिकाणी सारखीच. उंच जोतं, त्यावर एका ओळीत दोन-तीन खोल्या, पुढे लांब व्हरांडा. भिंती काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या, दीड-दोन फूट जाडीच्या. वर सागवानी कैच्या, त्यांवर वासे आणि रिपा आणि सगळ्यात वर मंगलोरी कौलं. ही कौलं बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला काढलेल्या कारखान्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर आणि मग घाटावर पसरली. खिडक्या उभट, वर झडपा. एकोणिसाव्या शतकातल्या शाळाबांधणीत एक नियम जगभर मानला जाई: उजेड मुलाच्या डावीकडून यावा, म्हणजे लिहिणाऱ्या उजव्या हाताची सावली पाटीवर पडत नाही. लंडनच्या स्कूल बोर्डाचे वास्तुरचनाकार ई. आर. रॉब्सन यांनी १८७४ च्या आपल्या पुस्तकात तो आग्रहानं मांडला आहे. आपल्याकडच्या जुन्या वर्गात फळा कोणत्या भिंतीवर आहे आणि मोठ्या खिडक्या कोणत्या बाजूला आहेत हे एकदा पाहावं. अनेकदा हाच हिशेब सापडतो. पुढे कुणीतरी बाकं फिरवतो, फळा दुसऱ्या भिंतीवर जातो आणि मग ‘वर्गात अंधार आहे’ म्हणून दिवसाढवळ्या ट्यूबलाइट लावाव्या लागतात.

हवेचंही तसंच. तापलेली हवा वर चढते, उंच छपराखाली साठते आणि कौलांच्या फटींतून व वरच्या झडपांमधून निघून जाते. तिच्या जागी व्हरांड्याच्या सावलीतली थंड हवा खालच्या खिडक्यांतून आत येते. दोन फुटी दगडी भिंतीतून बाहेरची उष्णता आतवर पोचायला दहा तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणजे दुपारी दोनचं ऊन वर्गाला जाणवतं ते मध्यरात्री, वर्ग रिकामा असताना. बंद खोलीत पस्तीस-चाळीस मुलं बसली की त्यांच्या श्वासामुळे कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण चढतं. बाहेरच्या हवेत ते दहा लाखांत सव्वाचारशे भागांच्या आसपास असतं. कोंदट वर्गात हजाराच्या वर सहज जातं आणि मुलं पेंगू लागतात. जुन्या वर्गाची उंची ही चैन नव्हती, ती श्वासाची सोय होती. नूतनीकरणाच्या नावाखाली पीओपीचं खोटं छत ठोकून ती बंद करणं हे मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण त्या कामाचे पैसे मोजून आपण एक चालू यंत्रणा बंद पाडत असतो.

मग कारखाने आले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, साठच्या दशकात आकुर्डीला बजाज, मग टेल्को. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली. त्याच वर्षी १ मे रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यांतल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका, आणि १९९७ मध्ये मोशी, चिखली, तळवडे, वाकड अशी गावं तिच्या हद्दीत आली. गावाची शाळा होती तिथेच राहिली, तिच्यावरची पाटी तेवढी बदलली. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला आणि मागोमाग गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्यांची रांग लागली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, बिहार, उत्तर प्रदेश इथून कामगार आले, चाळीत खोल्या घेऊन राहिले आणि त्यांची मुलं याच शाळांत आली. राज्यात इतरत्र पटसंख्येअभावी शाळा बंद पडण्याची भीती असते; इथल्या अनेक शाळांत एका खोलीत किती मुलं बसवायची हा प्रश्न आहे.

त्यामुळे या पट्ट्यातल्या एकाच शाळेच्या आवारात तीन काळ शेजारी-शेजारी उभे दिसतात. गावाच्या सर्वांत जुन्या दगडी खोल्या. मग स्लॅबच्या खोल्या. त्यांतल्या कित्येक १९८७ च्या खडू-फळा मोहिमेनंतर जवाहर रोजगार योजनेच्या पैशातून घाईनं बांधलेल्या. आणि अलीकडची, एखाद्या कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतली रंगीत इमारत. यातली सर्वांत धोकादायक कोणती, असं कुणालाही विचारलं तर बोट आपसूक दगडी इमारतीकडे जातं. तिथेच थांबून तपासायला हवं.

भीती खोटी नाही, हे आधी मान्य करतो. ऑगस्ट २०१७ मध्ये नगरजवळच्या निंबोडीत पावसात जिल्हा परिषद शाळेचं छत कोसळलं आणि तीन मुलं गेली. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाडजवळच्या पिपलोदी गावात सरकारी शाळेचं छप्पर पडून सात मुलं मरण पावली. तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत २००४ मध्ये आग लागून ९४ मुलं दगावली होती. त्या प्रकरणावरून सुरू झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये सुरक्षित शाळा हा मुलांच्या शिक्षणहक्काचाच भाग ठरवला. ज्या शाखा अभियंत्याच्या सहीवर वर्ग भरतो, त्याला रात्री झोप लागावी असं वाटत असेल तर तो संशयाचा फायदा इमारतीला देणार नाही. तो निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवतो: इमारत वापरण्यास अयोग्य, पाडण्यास हरकत नाही. मुख्याध्यापकालाही ते बरं वाटतं, कारण निर्लेखन झाल्याशिवाय नव्या खोल्यांची मागणी पुढे सरकत नाही. अशा रीतीनं दुरुस्त होऊ शकणारी इमारत कागदावर आधी मरते.

पण वयावरून धोका ठरत नाही, हे अलीकडे ब्रिटनला फार मोठी किंमत मोजून शिकावं लागलं. ऑगस्ट २०२३ च्या शेवटच्या दिवशी, शाळा उघडायला मोजके दिवस असताना, इंग्लंडमधल्या शंभराहून अधिक शाळांना आपल्या इमारती किंवा त्यांचे भाग बंद ठेवायला सांगण्यात आलं. कारण होतं साठ-सत्तरच्या दशकांत छपरासाठी वापरलेला एक हलका, बुडबुडेदार काँक्रीटचा प्रकार, ज्याचं आयुष्य तीसेक वर्षं धरलं जाई. रॉब्सनच्या काळातल्या विटांच्या शाळांना या आदेशानं काही झालं नाही.

आपल्या स्लॅबच्या खोल्यांचं दुखणं वेगळं, पण वंश तोच. काँक्रीटच्या आत लोखंडी सळया असतात. वर काँक्रीटचं पुरेसं आवरण नसेल, गच्चीवर पाणी तुंबत असेल तर ओल सळईपर्यंत पोचते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. तो आतून काँक्रीट फोडतो आणि एक दिवस छताचा पोपडा खाली येतो. दगडी शाळेतली पडझड सहसा आधी दिसते: कौल सरकतं, वाशाला वाळवी लागते, भिंत फुगते. स्लॅबमधली पडझड बराच काळ गिलाव्याआड लपून राहते. म्हणून महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ मध्ये तीस वर्षांपुढच्या इमारतींना स्थैर्याचा दाखला सक्तीचा केला आहे, आणि तीस वर्षांची ही रेघ आज नेमकी खडू-फळ्याच्या काळातल्या खोल्यांवरून जाते. आवारातल्या सगळ्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट एकाच कसोटीनं करावं, एवढीच मागणी आहे. दगडी इमारतीला ‘जुनी’ म्हणून नापास करायचं आणि स्लॅबला ‘पक्की’ म्हणून पास, हे तपासणं नव्हे.

आता दुरुस्तीकडे वळू, आणि ती वरून सुरू होते. छप्पर नीट असेल तर दगडी शाळेला शंभर वर्षं काही होत नाही. छप्पर गळायला लागलं की पाच पावसाळे पुरे. कौलारू छपराला दरवर्षी मे महिन्यात शाकारणी लागते. फुटलेली कौलं बदलायची, सरकलेली जागेवर आणायची, आढ्यावरच्या कौलांचा चुना पुन्हा भरायचा, पन्हळी साफ करायच्या, वाशांच्या टोकांना वाळवी लागली का ते टोचून पाहायचं. माकडं असलेल्या गावात हे आणखी वेळा. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि पुण्याकडे सरकलं की तो सातशे-साडेसातशेवर येतो. मावळातली शाळा आणि चाकणची शाळा यांना एकच अंदाजपत्रक लावता येत नाही, हे कार्यालयातल्या तक्त्यात दिसत नाही. शाकारणी करणारी माणसं मात्र कमी होत गेली. गावातला सुतार कंपनीत लागला. आणि शाळेच्या खात्यावर येणाऱ्या अनुदानात रंगरंगोटीला जागा असते, छपरावर दोन दिवस चढून बसणाऱ्या माणसाच्या मजुरीला नसते.

मग सोपे मार्ग सुचतात. पहिला, कौलं काढून पत्रे. पत्र्याखाली एप्रिलमध्ये बसून दाखवावं; आणि जुलैत पाऊस पत्र्यावर वाजायला लागला की शिक्षकाचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जात नाही. दुसरा मार्ग जास्त घातक: कैच्या उतरवून जुन्या भिंतींवर स्लॅब टाकणं. मंगलोरी कौलांच्या एका चौरस मीटरचं वजन साधारण चाळीस-पंचेचाळीस किलो भरतं. तेवढ्याच जागेवरचा पाच इंची स्लॅब तीनशे किलोच्या घरात जातो. ज्या भिंती आणि जो पाया हलक्या छपरासाठी घातला होता, त्याच्यावर आपण सहा-सात पट भार आणून ठेवतो. भूकंपात इमारतीवर येणारा आडवा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे धोका दोन्हीकडून. कैच्या शक्य तिथे तशाच ठेवाव्यात. कुजलेलं टोक कापून त्याला नव्या सागाचा जोड देता येतो, गरज असेल तिथे लोखंडी पट्ट्यांनी सांधा बांधता येतो. कौलांखाली फळ्यांचा थर आणि पाणी अडवणारा पडदा घातला तर गळती आणि धूळ दोन्ही थांबतात आणि संगणक ठेवण्याइतकी खोली कोरडी होते.

भूकंपाचा विषय निघाला की किल्लारीचं नाव येतंच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे सुमारे आठ हजार माणसं गेली ती दगडी भिंतींखाली, आणि तेव्हापासून दगडी बांधकामाबद्दल महाराष्ट्राच्या मनात धास्ती आहे. तिथल्या भिंती मातीत रचलेल्या होत्या, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधलेला नव्हता, आणि डोक्यावर जाड मातीचं माळवद होतं. आपल्या शाळा चुन्यातल्या आणि हलक्या छपराच्या आहेत. म्हणजे त्या अभेद्य आहेत असं नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का पुण्यातही जाणवला होता. भिंतीचे दोन थर बांधायला ठरावीक अंतरावर आरपार जाणारे दगड किंवा सळईचे सांधे घालणं, लिंटलच्या आणि छपराच्या पातळीवर सगळ्या भिंतींना एकत्र धरणारा पट्टा फिरवणं, कोपरे घट्ट करणं, हे उपाय भारतीय मानक १३९३५ मध्ये सविस्तर दिलेले आहेत. किल्लारीनंतर लातूर-उस्मानाबादेत मजबुतीकरणाची कामं करताना आपल्या अभियंत्यांनी ते हातांनी करून पाहिले आहेत. हे ज्ञान परदेशातून आणायचं नाही.

भिंतीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त नुकसान चांगल्या हेतूनं इथेच होतं. चुना हा जिवंत माल आहे. चुनखडी नऊशेच्या आसपास अंश तापमानाला भाजायची, पाण्यात विरवायची, चुन्याच्या घाण्यात वाळूबरोबर मळायची. जुने गवंडी त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालत. भिंतीत गेल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा दगड होत जातो. तो कठीण होतो, पण सच्छिद्र राहतो. पावसाळ्यात भिंतीत शिरलेली आणि जमिनीतून चढलेली ओल त्यातून उन्हाळ्यात बाहेर पडते. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की बाहेर जाण्याची वाट बंद होते. ओल आतच फिरते, क्षार वर येतात, चुन्याचं पीठ होऊन दरजा पोकळ होतात. वरून सिमेंट धडधाकट दिसत राहतं. चार-पाच वर्षांनी गिलाव्याचा मोठा तुकडा दगडाची कपची घेऊन सुटतो आणि लोक म्हणतात, भिंतच खराब होती.

ऑइलपेंट हेच काम जरा सावकाश करतो, आणि इथे मला शिक्षकांशी बोलायचं आहे. ‘बोलक्या भिंती’ ही आपल्या प्राथमिक शाळांतली फार सुंदर कल्पना आहे. इमारतच शिकवण्याचं साधन व्हावी हा विचार वास्तुरचनाकार कबीर वाजपेयींच्या ‘बाला’ या उपक्रमातून देशभर गेला: दार उघडताना जमिनीवर कोन आखलेले, खिडकीच्या गजांवर मणी, व्हरांड्याच्या खांबांवर उंची मोजायच्या खुणा. पण जुन्या चुन्याच्या भिंतीवर पाढे आणि नकाशे ऑइलपेंटनं रंगवले की पुढच्या श्रावणात नकाशाचेच पापुद्रे निघतात. तीच चित्रं भिंतीपासून बोटभर अंतर सोडून टांगलेल्या फळ्यांवर काढली तर भिंत श्वास घेते, चित्रं टिकतात आणि अभ्यासक्रम बदलला की फळा बदलता येतो. भिंतीला चुन्याची सफेदी पुरे. ती स्वस्त आहे, उजेड परतवते आणि गावातल्या कुणालाही लावता येते.

आधुनिक शिक्षणाला खोलीकडून नेमकं काय हवं असतं? स्मार्ट बोर्ड हे उत्तर झटकन येतं. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत मराठी प्राथमिक शाळांत जो खरा बदल झाला तो जमिनीवर झाला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळांनी मुलांना रांगांतून उठवून गटांत बसवलं, फरशीवर आकडे आणि अक्षरं आखली, मुलांच्या हाताला येतील असे फळे चारही भिंतींना खाली लावले. राज्यभरचे शिक्षक ते पाहायला गेले. आपल्याच पट्ट्यात, खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये ‘टी फोर एज्युकेशन’च्या जागतिक शाळा पुरस्कारांत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. तिथे मुलं एकमेकांची ‘विषयमित्र’ होतात. ज्याला जे येतं ते तो दुसऱ्याला शिकवतो. अशा शिकण्याला लागते ती मोकळी, सपाट, कोरडी जमीन, बाजूला सरकवता येणारं सामान आणि दोन गट एकाच वेळी बोलले तरी तिसऱ्याला ऐकू येईल अशी खोली. जुन्या शाळेची प्रशस्त खोली आणि लांब व्हरांडा याला जणू मापून शिवल्यासारखे बसतात.

अडचण येते आवाजाची. जागतिक आरोग्य संघटनेनं वर्गातला मागचा गोंगाट ३५ डेसिबलच्या आत आणि घुमण्याचा कालावधी ०.६ सेकंदांच्या आसपास असावा असं सुचवलं आहे. पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या शाळेला पहिला आकडा गाठणं कठीणच. ट्रेलर आणि कंटेनर दिवसभर चालू. रस्त्याच्या बाजूला नवी स्वच्छतागृहं, कोठार, भिंत आणि दाट झाडी आणून वर्ग मागे घेता येतात. घुमण्यावर इलाज सोपा आहे: मागच्या भिंतीवर आणि कैच्यांमध्ये काथ्याचे, जाड कापडाचे किंवा लाकडी भुशाच्या बोर्डाचे तक्ते टांगायचे. शहाबादी फरशी, दगडी भिंत आणि रिकामं छप्पर यांत शब्द आपटत राहतात. मऊ पृष्ठभाग थोडे वाढले की मराठी घरात न बोलणाऱ्या मुलालाही शिक्षकाचा उच्चार नीट ऐकू येतो. या पट्ट्यात अशी मुलं पुष्कळ आहेत, म्हणून मी हा खर्च स्मार्ट बोर्डाच्या आधी धरतो.

वीज घेताना भिंत खोदून वायरिंग लपवण्याचा मोह टाळावा. उघड्या पाइपांतून, दरजांमध्ये क्लॅम्प मारून ती नेली तर पुढे बदलणं सोपं जातं. अर्थिंग नव्यानं, जोड वेगळा. सौर पॅनेल जुन्या कैच्यांवर चढवण्यापेक्षा मजबूत ठरलेल्या नव्या खोलीच्या गच्चीवर. शिक्षणहक्क कायद्यानं २०१० पासून मुला-मुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, पोषण आहारासाठी स्वयंपाकघर, अडथळ्याविना प्रवेश या गोष्टी बंधनकारक केल्या आहेत. यांतल्या पाणी आणि चूल या दोन गोष्टी दगडी इमारतीत कोंबू नयेत. त्या शेजारच्या वेगळ्या बांधकामात जाव्यात. उतार मात्र मुख्य दारालाच हवा. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला मागच्या दारानं आणणारी शाळा आधुनिक कशी म्हणायची?

शाळा आणि कारखाना यांचं नातं या भागाला नवं नाही. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय, १९०६ च्या राष्ट्रीय शिक्षणाच्या लाटेत जन्मलेलं, तळेगावात येऊन स्थिरावलं. त्याच गावात १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत जमवलेल्या निधीतून तो उभा झाला आणि ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तिथे तरुणांना काचेचं काम शिकवलं. सरकारनं १९१० मध्ये विद्यालय बंद पाडलं, पण हातानं काम शिकणं आणि पुस्तक वाचणं यांची फारकत नको हा विचार तळेगावात राहिला. आज ज्या कंपन्या रोबो जोडणारी मुलं हवीत म्हणतात, त्यांनी शाळेच्या एका जुन्या खोलीत सुतारकाम, चुन्याचं काम, वायरिंग शिकवण्याची सोय करून दिली तर ती या परंपरेशी नातं सांगेल. आणि शाकारणी येणारा माणूस गावातच तयार होईल.

जुन्या शाळेत आणखी एक ठेवा असतो, त्याचा विचार नूतनीकरणाच्या आराखड्यात क्वचित होतो: जनरल रजिस्टरं. २०२३ च्या अखेरीस न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीची शाळा रजिस्टरं बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांना शोधावं लागलं. कुणाचा दाखला, कुणाची जन्मतारीख, कुणाच्या पणजोबाची जात त्या पानांवर होती. काही ठिकाणी ती पानं वाळवीनं खाल्लेली निघाली. दुरुस्तीच्या काळात सामान हलवताना सर्वांत आधी हे कपाट हलवावं, त्याची स्कॅन प्रत करावी आणि परत ठेवताना भिंतीपासून आणि जमिनीपासून वर, सर्वांत कोरड्या खोलीत ठेवावं. शेजारीच शेरेबुक असतं. जुन्या तपासनीसांनी त्यात छपराबद्दल, विहिरीबद्दल शेरे लिहिलेले असतात. इमारत कधी आणि कुठे गळली याचा तो सर्वांत विश्वासू इतिहास आहे. ऑडिट करणाऱ्या अभियंत्याच्या हातात तो आधी द्यावा.

वेळेत हात लावला नाही तर काय होतं ते भिडेवाड्यानं दाखवलं. मुलींच्या शाळेची ती जागा अनेक दशकं पडझडीत राहिली, मग भाडेकरू आणि महापालिका यांच्यात खटला चालला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला तेव्हा वाड्यात जपण्याजोगं फारसं उरलं नव्हतं. डिसेंबरमध्ये एका रात्रीत तो उतरवला गेला. तिथे स्मारक होईल आणि ते व्हायलाच हवं. पण सावित्रीबाईंनी ज्या खोलीत पाटी धरली, ती खोली आता कुणाला पाहता येणार नाही.

आपल्या पट्ट्यात पैशाची अडचण तुलनेनं कमी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि शिक्षण त्या यादीत आहे. अडचण वेळापत्रकाची आहे. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे निधी बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीत मोकळा होतो आणि तो संपवण्याची घाई असते. छप्पर उघडता येतं ते मात्र परीक्षा संपल्यावर, एप्रिलच्या मध्यानंतर. चुन्याच्या कामाला सुकायला आठवडे लागतात आणि ७ जूनच्या पुढे पाऊस कुणासाठी थांबत नाही. मार्चपूर्वी संपणारं काम म्हणजे रंग, फरशी, बोर्ड आणि उद्घाटनाची कोनशिला. पन्हळ आणि वासे मागे राहतात.

कायद्यात यावर वाट आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कंपनीला एखादा उपक्रम ‘चालू प्रकल्प’ म्हणून, सुरुवातीच्या वर्षाव्यतिरिक्त आणखी तीन वर्षांपर्यंत चालवता येतो. न खर्चलेली रक्कम वर्षअखेरीनंतर तीस दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवायची असते. म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती, जिल्हा परिषद किंवा महापालिका आणि कंपनी यांनी चार वर्षांचा करार केला तर पहिल्या वर्षी ऑडिट आणि मोजणीचे नकाशे, पहिल्या आणि दुसऱ्या उन्हाळी सुट्टीत छप्पर आणि भिंती, तिसऱ्या वर्षी वीज, आवाज आणि शेजारची नवी स्वच्छतागृहं, आणि चारही वर्षं मे महिन्यातली शाकारणी असं काम बसवता येतं. करारात शाकारणीचं कलम स्वतंत्र ठेवावं, त्यासाठी माणसाचं नाव आणि मजुरी लिहावी, आणि प्रत्येक वर्षीचं काम शेरेबुकात तारखेसह नोंदवावं, म्हणजे पाचव्या वर्षी ग्रामपंचायतीला किंवा पालिकेला आपल्या अंदाजपत्रकात किती रक्कम धरायची ते कुणाला विचारावं लागणार नाही.